गच्चीवरचा पांढरा कागद

आबा, सगळ्यात आधी आली ती समोरची शिलाईवाली. पाहुणे दहाला येणार होते आणि ही साडेआठलाच दारात, दोन हातांत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. तिला कुणी बोलावलं नव्हतं, खुर्च्याही कुणी मागितल्या नव्हत्या. पण आमच्या घरी पुण्याकडच्या मॅडम येणार हे कळाल्यावर ती मशीनवर बसेल कशी. खुर्च्या मांडल्या, त्यातल्या एकीवर स्वतःच बसली आणि मला वरून खालून न्याहाळून म्हणाली, मावशी, लुगडं झकास नेसलात, आता केस पण चापून घ्या जरा. मी म्हटलं, बाई, ते हवा बघायला येणारेत, मला बघायला नाही. तशी ती लई हसली. चहा पिऊन गेली आणि पावणेदहाला परत आली, तेव्हा तोंडाला पावडर लावून.

हवा बघायला माणसं येतात हे तुम्हाला खरं वाटायचं नाही. आपल्या वेळी हवा बघायचा तो खळ्यावर धान्य उपणणारा गडी. तिवईवर उभा राहून वारं कुठून येतं तेवढं बघायचा आणि टोपली कलती करायचा. आता मी धाकट्याकडं असते, तालुक्याच्या गावाला. ज्या मैदानात तुम्ही बैलबाजाराला यायचात आणि जाताना घरी लेकीला, म्हणजे मला, गोड गुडीशेव न्यायचात, त्या मैदानात आता साऱ्या गावाचा कचरा पडतो. तो आमच्या घराच्या मागच्या अंगाला. तो कचरा पेटतो. कुणी पेटवत नाही म्हणतात, आपोआप पेटतो, आणि एकदा पेटला की आठ-आठ दिवस धुमसत राहतो. पुढच्या अंगाला नवा रस्ता निघालाय. निघालाय म्हणजे खडी आणि मुरूम टाकून ठेवलाय, डांबर काही पडलं नाही, आणि त्याच्यावरून वाळूचे न् उसाचे ट्रक जातात. मधे आमची गल्ली, चिमट्यात धरल्यासारखी.

दोन वर्षं झाली आबा, उंबऱ्याबाहेर गेले ती फक्त दवाखान्यात. माझ्या छातीत शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणाले, आजी, बाहेरची हवा तुमच्यासाठी नाही. मी विचारलं, मग कुणासाठी हाय. ते हसले आणि तोंडात मारायचा पंप लिहून दिला. पोरानं सगळ्या खिडक्यांना प्लास्टिक लावून वरून खाकी चिकटपट्टी मारलीय. दाराखालच्या फटीत ओलं फडकं. सून पतसंस्थेत कामाला, पोरगा कापसाच्या जिनिंगवर, दोघं नवाला जातात ते सांजच्याला येतात. वाऱ्यानं दार उघडतं म्हणून सून जाताना बाहेरून कडी घालते. वाईट हेतूनं नाही, लई गुणाची आहे, शिलाईवालीला सांगून जाते, लक्ष ठेवा म्हणून. पण कडीचा तो आवाज झाला की मला कळतं, आता दिवसभर ही चार भिंतींची पेटी आणि आत मी. प्लास्टिकमधून बाहेरचं सगळं पाण्यात बुडाल्यावाणी दिसतं. माणूस जाताना दिसतं, पण कोण ते ओळखू येत नाही. आधी नात होती घरात, सात वर्षांची. ती शाळेतून आली की पेटीला तोंड फुटायचं. दिवाळीनंतर तिलाही खोकला धरला, रात-दिवस, तेव्हा सुनेनं तिला घाटनांदूरला स्वतःच्या माहेरी ठेवली. तिकडं बरी आहे, खोकत नाही. फोनवर मला विचारते, आजी, तुला सोडलं का बाहेर.

तर गावातली हवा सुधरायची म्हणून आमच्या नगरपालिकेनं एक योजना काढली. शुद्ध हवेचा आराखडा असं तिचं नाव. आमच्या वार्डाच्या मेंबरनं गल्लीच्या तोंडाशी माईक लावून तो वाचून दाखवला तेव्हा मी दाराशी बसून सगळा ऐकला. रस्त्यावर रोज पाणी मारायचं, म्हणजे धूळ उडणार नाही. कचऱ्याच्या मैदानावर राखणदार ठेवायचा, आग लागू द्यायची नाही, आणि पुढं ते मैदानच गावाबाहेर हलवायचं. खडीचा रस्ता डांबरी करायचा. बेकरीच्या न् हॉटेलांच्या भट्ट्या गॅसवर करायच्या. झाडं लावायची. ऐकायला इतकं गोड वाटलं की मी त्या दिवशी भाकरी जास्त खाल्ली.

मग काय झालं ते सांगते, कारण मला दुसरं काम नाही, मी बघतच असते. बेकरीची भट्टी खरंच गॅसवर झाली. पाव आता पहिल्यासारखा लागत नाही, पण धूर गेला, खोटं कशाला बोलू. झाडं लावली, त्यांच्याभोवती लोखंडी जाळ्या उभ्या केल्या. जाळ्या अजून आहेत. राखणदार ठेवला, तो बिचारा मैदानावरच कचऱ्याची शेकोटी करून चहा करतो. आणि पाण्याचं तर विचारूच नका. औंदा पाऊस नाही, धरणात चिखल, नळाला पंधरा दिवसांनी पाणी, आणि अशात एक दिवस गल्लीत टँकर आला आणि रस्त्यावर पाणी शिंपडायला लागला. बाया घागरी घेऊन धावल्या आणि पुढं आडव्या उभ्या राहिल्या. ड्रायव्हर वरून ओरडतोय, मावशे, हे पिण्याचं न्हाई, हे रस्त्याचं हाय. शिलाईवाली त्याला म्हणाली, मग रस्त्याला म्हणावं घागर घेऊन ये. अर्धा टँकर घागरीत गेला, अर्धा भांडणात. त्यानंतर तो आमच्या गल्लीत आला नाही, कचेरीच्या पुढंच तेवढं पाणी मारून जातो असं ऐकते. बायांचं चुकलं असं मला म्हणवत नाही, आणि ड्रायव्हरचंही नाही.

आणि त्याच योजनेत एक यंत्र आमच्या गच्चीवर बसवलं. गच्ची चारी बाजूंनी मोकळी म्हणून. पत्र्याच्या छोट्या कपाटासारखं, डोक्यावर छत्रीसारखं झाकण, आणि पिठाच्या गिरणीसारखं घरघर करतं. आत एक गोल पांढरा कागद बसवलेला. दर सोमवारी नगरपालिकेचा एक माणूस येऊन जुना कागद काढून नेतो, नवा घालतो. बसवणारा मला बोलला होता, आजी, लई महागाची वस्तू हाय, जपा. आता जपायचं म्हणजे झाकायचं, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागतं का. शिलाईच्या मशीनला आपण झाकण घालतो, रेडिओला तुम्ही विणलेला रुमाल घालायचात. मी पहिल्याच आठवड्यात बघितलं, त्याच्या छत्रीवर बोटभर धूळ. मला कसंतरीच झालं. मी माझं जुनं लुगडं फाडलं, पाण्यात बुचकळून त्या छत्रीभोवती गुंडाळलं, तुम्ही दुधाच्या कॅनला उन्हाळ्यात ओलं पोतं गुंडाळायचात अगदी तसं. मग रोजचंच झालं. दोघं कामाला गेली की मी घरातल्या जिन्यानं वर, एकेक पायरी बसत बसत. माझ्या अंघोळीचं पाणी मी अर्ध्या बादलीवर आणलं, त्यातले दोन तांबे यंत्राला. लुगडं पिळलं की काळंशार पाणी निघायचं. मी त्याला म्हणायचे, बघ रे, हे तुझ्या पोटात गेलं असतं.

आबा, मला तिथं बरं वाटायचं. तोंडाला पदर लावून पाच-दहा मिनिटं उभी राहायचे. चार गच्च्या दिसायच्या, त्यांच्यावरच्या पापड्या, कुरडया. प्लास्टिक मधे नसायचं. सुनेला सांगितलं नव्हतं, ती वर जाऊ देणार नाही म्हणून. सोमवारी मात्र तो माणूस यायच्या आधी मी लुगडं काढून ठेवायचे. चोरी म्हणून नाही, इतकं फाटकं धडुतं बघून तो काय म्हणेल याची लाज. आणि तो खाली उतरताना दर वेळी म्हणायचा, आजी, तुमच्याकडचा कागद गावात सगळ्यात पांढरा. मला इतका आनंद व्हायचा, जशी काही माझ्या हातची धुणी कुणी नावाजली. पोराला सांगितलं, पोरानं मेंबरला सांगितलं, आणि मेंबरनं गल्लीच्या तोंडाला बोर्ड लावला, आदर्श गल्ली म्हणून, त्याच्यावर मेंबरचा फोटो मोठा आणि आमच्या पोराचा बारका. आठ दिवसांत दोघांच्या तोंडावर इतकी धूळ बसली की कोण कुठला ते वळखायचं नाही. तरी कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. माझ्याही नाही.

तर मॅडम आल्या. बरोबर नगरपालिकेचे एक साहेब, फाईल छातीशी धरून. मॅडमचे केस बारीक कापलेले, पँट घातलेली, वय आपल्या सुनेएवढं. शिलाईवालीनं खुर्ची पुढं केली, पण त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत, माझ्या बाजेशेजारी खाली सतरंजीवर मांडी घालून बसल्या. सून त्या दिवशी अर्धी सुट्टी काढून घरी होती, तिनं पोहे केले. मॅडम म्हणाल्या, योजनेला आता दोन वर्षं झाली, ती कितपत लागू पडली ते आम्ही तपासतो. कागदावर काय लिहिलंय ते वेगळं, मला तुमच्याकडून ऐकायचंय. आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. दम कधीपासून, धुराचा वास कोणत्या वेळी येतो, खिडकी शेवटची कधी उघडली, दिवसभर काय करता. मी सांगत सुटले. मैदानाचं सांगितलं, टँकरचं सांगितलं, मधेच कुरडयांचं पण सांगितलं, साहेब दोनदा घड्याळाकडं बघून झाले. मॅडम सगळं लिहून घेत होत्या. दोन वर्षांत मला इतके प्रश्न कुणी विचारले नाहीत आबा. मी इतकी बोलले की पंप मारावा लागला, तोवर त्या थांबल्या, आणि म्हणाल्या, सावकाश, मला घाई नाही.

मग त्यांनी पिशवीतून तीन गोल कागद काढून सतरंजीवर मांडले. एक बसस्टँडवरचा, तव्याच्या बुडासारखा काळा. एक कचेरीवरचा, राखेच्या रंगाचा. आणि तिसरा आमचा, नव्या खडूसारखा. मी हरखून सुनेकडं बघितलं. मला वाटलं आता बक्षीस-बिक्षीस देतात की काय. साहेब पण खूश. ते म्हणाले, मॅडम, बघा, इथं योजना शंभर टक्के लागू पडली, इथलं काम झालंच म्हणायचं, आता डांबरीकरण आणि कचरा डेपो हलवायचं पुढच्या टप्प्यात ढकललं तरी चालेल. तिन्ही यंत्रांचं मिळून गावाला पास करून टाकू.

मी मॅडमला विचारलं, कागद पांढरा म्हणजे काय झालं हो. त्यांनी मला फार नीट समजावून सांगितलं. म्हणाल्या, आजी, हे यंत्र आपल्यासारखा श्वास घेतं. आपल्या छातीत जी घाण जाते तीच ते आत ओढतं आणि कागदावर ठेवतं. कागद काळा म्हणजे छाती काळी. म्हणजे तुमचा कागद पांढरा, तर तुमच्या गल्लीतल्या माणसांच्या छात्याही स्वच्छ असायला हव्यात. एवढं बोलून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. माझी शिट्टी वाजतच होती. आबा, मला त्याच क्षणी कळालं. ते काळंशार पाणी माझ्या डोळ्यांपुढं आलं. यंत्राला ती धूळ खायचीच होती, आणि रोज दोन तांबे पाणी घालून मी त्याच्या तोंडातला घास काढून घेत होते. मॅडम म्हणाल्या, गल्लीत शिरेपर्यंत माझ्या चष्म्यावर थर बसला, दोनदा पुसला. आणि कागद असा. म्हणून विचारते, यंत्राजवळ कुणी काही करतं का. पाणी मारणं, झाकणं, असं काही.

सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मला तुम्ही दिसलात, दूध सोसायटीच्या ओट्यावर बसलेले, पहाटेच्या उजेडात. दुष्काळाचं ते साल. निम्मी जनावरं छावणीत, गावात उरलेल्या गाईंचं दूध मिळून एक कॅन भरायची मारामार. तुमची नजर तेव्हाच अधू झालेली, दुधातलं पाणी ओळखायच्या लॅक्टोमीटरवरच्या बारीक रेघा तुम्हाला दिसायच्या नाहीत, म्हणून शाळा सोडवून तुम्ही मला शेजारी बसवलंत. मी चौथी शिकलेली, आकडे मला अक्षरांच्या आधी येत होते. दुधात ती काचेची नळी सोडायची, ती तरंगली की रेघ वाचायची आणि डिग्री मोठ्यानं सांगायची, तुम्ही वहीत लिहायचात. एक दिवस गल्लीच्या टोकाची बाळंतीण आली. गाय आटलेली, दुधात पाणी घातलेलं, नळी खाली बुडाली. ती माझ्याकडं बघत होती. मी दोन रेघा वरची डिग्री वाचली. तिनं माझ्या गालाला हात लावला. पण बाईमाणसात काही लपत नाही. दुसऱ्या आठवड्यात अजून एक, मग अजून दोघी, आपापल्या तांब्यात पाणी घालून माझ्यापुढं उभ्या, आणि मी सगळ्यांना गोड वाचत गेले. मला वाटायचं मी देवाचं काम करतेय.

मग चौसाळ्याला हमरस्त्यावर दुधाची गाडी थांबायची तिथून एक दिवस गावाची कॅन परत आली. पातळ दूध, घेत नाही म्हणाले. उन्हात नासलेली कॅन तुम्ही ओट्यावर उघडलीत आणि ज्यांनी थेंबभर पाणी घातलं नव्हतं त्यांचंही दूध त्याच्यात होतं. तुम्ही मला मारलं नाहीत. माझा हात धरलात आणि दारोदार नेलंत. प्रत्येक उंबऱ्यावर उभी करायचात आणि मला एकच वाक्य बोलायला लावायचात, डिग्री मी खोटी वाचली. बाळंतिणीच्या दारात गेलो तेव्हा ती रडत बाहेर आली, म्हणाली, आबा, पाणी मी घातलं, लेकराला कशाला वढता. तुम्ही तिला म्हणालात, "पाणी तू घातलंस, ते तुझं. डिग्री हिनं वाचली, ती हिची." मी त्या दिवशी तुमचा लई राग राग केला. सांजच्याला भाकरी खाल्ली नाही. आणि दुसऱ्या पहाटे तुम्ही मला उठवलंत, ओट्यावर नेलंत, आणि ती काचेची नळी परत माझ्याच हातात दिलीत. वाच बाई, म्हणालात. एवढंच. पुढं माझ्या लग्नात तुम्ही मला पितळेची घागर दिली, पण मला विचाराल तर मला तुमच्याकडून मिळालेली वस्तू ती नळीच, जरी ती माझी नव्हती.

इतकं सगळं एका पळात आठवलं, आणि तरी आबा, मी मॅडमला खरं सांगितलं नाही. मी म्हटलं, "मला आठवावं लागंल बाई. म्हातारं डोकं हाय." साहेब म्हणाले, आजींना काय माहीत असणार, चला मॅडम. मॅडम उठल्या. वर जाऊन यंत्र बघून आल्या, कोरडं ठक्क, कारण पाहुणे येणार म्हणून मी सकाळीच लुगडं काढून जिन्याखालच्या बादलीत टाकलं होतं. जाताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, आठवलं की सांगा. मी परत येते, तोवर अहवाल वर जाणार नाही.

गाडी गेली, शिलाईवाली आपल्या खुर्च्या घेऊन गेली, आणि सुनेनं फरशी पुसायला बादली ओढली. तिच्या हातात ते लुगडं आलं. पिळलं, काळं पाणी गेलं मोरीतून. ती तशीच उकिडवी बसून राहिली. मग म्हणाली, आत्याबाई, हे रोज करता तुमी. मी मान हलवली. मला वाटलं ओरडेल. ती हसायला लागली, मग हसता हसता तोंडाला पदर लावला. मला कळेना काय झालं. म्हणाली, आत्याबाई, येत्या रविवारी पोरीला आणायचं ठरलंय. ह्यांनीच ठरवलं, आपला कागद गावात सगळ्यात पांढरा, मग पोरगी परक्या दारात कशाला. तुमाला अचानक आनंद द्यायचा म्हणून सांगितलं न्हवतं.

मी काय सांगू तुम्हाला. गेली दिवाळी झाल्यापासून मी त्या पोरीची वाट बघतेय. तिचा लाल रिबिनीचा डबा मी उशाशी ठेवलाय. एक शब्द नाही बोलले तर रविवारी ती दारात उभी राहणार होती, दोन दात पडलेली, आजी आजी करत. आणि मागं ते मैदान धुमसत. मी सुनेला म्हटलं, "पोरीला आणू नका. कागद खोटा हाय." बोलले आणि मग माझ्याच तोंडाकडं मला बघवेना, कपाटाला आरसा आहे ना समोर.

पोरगा आल्यावर त्याला सुनेनं सांगितलं. तो आधी हसला, मग त्याला बोर्ड आठवला. म्हणाला, माय, आता गुमान राहा, पोरीला नाही आणत, पण त्या मॅडमला काही बोलू नको. मेंबर काय म्हणेल, लोक म्हणतील ह्यांच्या म्हातारीनं गावाची हवा धुतली. खरं सांगते, मला पण हसू आलं. पण तो हसत नव्हता. त्याला मी म्हटलं, अरे, आपला एकट्याचा कागद असता तर गुमान राहिले असते. तिन्ही मिळून गाव पास करायचं म्हणालेत. बसस्टँडच्या पानवाल्याची छाती, शिलाईवालीची छाती, सगळं एकाच कॅनमधी वतलंय मी. मग रस्ता व्हायचा नाही, मैदान हलायचं नाही, आणि पोरगी घाटनांदूरलाच वाढायची, आणि मी ह्या प्लास्टिकच्या आत मरायची. तो म्हणाला, तू सांगितलं म्हणून लगेच डांबर पडंल का. ते मला माहीत नाही. तुम्हालाही दूध परत आल्यावर पाऊस कधी पडेल ते माहीत नव्हतं. तो जेवला आणि पाठ फिरवून बसला. अजून माझ्याशी तुटकच बोलतो. सुनेनं मात्र सकाळी जाताना गच्चीच्या दाराला कुलूप घातलं, आणि किल्ली तिच्या पर्समधे. म्हणजे वरचं आभाळही गेलं. तिच्यावर मी रागावले नाही, पण दहा वाजले आणि पाय आपोआप जिन्याकडं वळले. तिसऱ्या पायरीवर बसून राहिले. वर यंत्र घरघर करत होतं, उघड्या तोंडानं, पोटभर खात.

हे सगळं नातीच्या जुन्या वहीत मागच्या पानांवर लिहिलंय. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, ओळीवर राहत नाही. टपालात टाकायचं तर तुमचा पत्ता कुणाला विचारू. सुनेनं बघितलं तर ती म्हणेल आत्याबाई भ्रमल्या, म्हणून वही गादीखाली जाईल. पण एक गोष्ट इथंच लिहून ठेवते, ती मॅडमला सांगणार नाही, पोरालाही नाही. त्यांनी विचारलं तेव्हाच मला खरं सांगता आलं असतं. लाज वाटली हे खोटं नाही, पोराचा बोर्ड आठवला हेही खोटं नाही. पण त्याच्या आधी, सगळ्यात आधी, मनात आलं ते असं, की आत्ता सांगितलं तर यांचं इथलं काम झालं. ह्या बाई उठतील, वही मिटतील, आणि मग माझ्या शेजारी खाली बसून मला घाई नाही म्हणायला कोण येणार आहे. आठवून सांगते म्हटलं, तर त्यांना परत यावंच लागेल. तेवढ्यासाठी मी साऱ्या गावाची डिग्री तीन दिवस अडवून धरली आबा. सांगणार आहे, नक्की सांगणार आहे, पहिल्या घोटालाच सांगेन, चहा गार व्हायच्या आत. गुरुवारी येते म्हणाल्यात, साडेदहाला.